अश्वनिगेत मानवी प्रसाधनांचा वापर : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी काही विचार

घोडा हा विषय आयुर्वेद व्यवसायींच्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या औषधालयांच्या काउंटरवरच मिळते. २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात घोडा अद्याप नाहीसा झालेला नाही. लग्नसराईत वरातीसाठी पांढरे घोडे ठेवणारी कुटुंबे तालुक्याच्या गावोगावी आहेत. पारनेर, संगमनेर, पाथर्डीच्या माळरानांवरून मेंढरे घेऊन फिरणारा धनगर आपला संसार तट्टाच्या पाठीवर लादून चालतो. पारनेर-संगमनेर भागातील घाटांत बैलगाडा शर्यतीच्या वेळी बैलांच्या पुढे घोडी धावते. धनगरांजवळील हे काटक तट्टू भीमथडीचे. भीमेच्या खोऱ्यातील या घोड्यांना अलीकडे स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली, ही समाधानाची गोष्ट होय.

या घोड्यांचे मालक खास घोड्यांसाठी बनविलेली प्रसाधने घेत नाहीत. ती तालुक्याच्या बाजारात सहसा मिळत नाहीत आणि मिळाली तरी परवडत नाहीत. त्यामुळे शाम्पूची पुडी, खोबरेल, मेंदी, टाल्कम पावडर, जंतुनाशक द्रव, दुखण्यावरचा बाम, खाजेचे मलम असा सारा सरंजाम आपल्या व किराणा दुकानातूनच जातो. 'घोड्याला चालेल का?' हा प्रश्न मग विक्रेत्याला विचारला जातो, आणि 'माणसाला चालते, मग जनावराला का चालू नये' असे सहज उत्तर दिले जाते. प्रस्तुत लेखात या उत्तराचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम शास्त्राकडे पाहू. शालिहोत्राची परंपरा, जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' आणि नकुलाच्या नावे प्रसिद्ध असलेला अश्वचिकित्सेचा ग्रंथ आपणा सर्वांना निदान नावाने परिचित आहेत. त्याहून महत्त्वाचा दाखला खुद्द चरकसंहितेत आहे. सिद्धिस्थानाच्या अकराव्या, म्हणजे फलमात्रासिद्धी अध्यायात मनुष्याच्या बस्तीबरोबरच हत्ती, उंट, गाय, घोडा व शेळी-मेंढी यांच्या बस्तीचाही विचार केलेला असून प्रत्येकासाठी द्रव्ये व मात्रा वेगळी सांगितली आहे. प्राण्याची जात बदलली की द्रव्य आणि मात्रा बदलते, ही भूमिका आचार्यांनी इतक्या पूर्वी स्पष्ट केली आहे. हा अध्याय परीक्षेसाठी वाचला जातो आणि नंतर विसरला जातो, हे दुर्दैव.

आता त्वचेचा विचार. माणसाच्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. त्याचा सामू साधारणतः पाच ते साडेपाचच्या आसपास भरतो. घोड्याच्या त्वचेचा सामू प्राण्यागणिक व शरीराच्या भागागणिक बदलत असला, तरी तो बहुधा उदासीनाकडे, म्हणजे सातच्या जवळपास झुकतो. माणसाच्या त्वचेला जुळवून बनविलेला शाम्पू घोड्याला म्हणूनच आपोआप सौम्य ठरत नाही. याच्या उलट टोकाला अंगाची वडी व कपड्यांचा साबण आहेत. त्यांचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो. भांडी घासण्याचा द्रवही त्वचेवरील तेलकट थर पार धुऊन काढतो. वरातीच्या हंगामात रोज साबणाने धुतल्या जाणाऱ्या घोड्याचे केस निस्तेज होतात, कोंडा धरतो आणि मग त्यावर तेल चोपडले जाते. तेलावर नगरची धूळ बसते, पुन्हा साबण लागतो. हे चक्र थांबविण्याचा उपाय दुकानात विकत मिळत नाही. घोडा कमी वेळा धुणे हाच तो उपाय.

घोड्याच्या घामाविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. घोड्याच्या घामात लॅथेरिन नावाचे प्रथिन असते. ते साबणाप्रमाणे फेस करते व दाट केसांतून घाम पसरण्यास मदत करते. धावून आलेल्या घोड्याच्या मानेवर व खोगिराखाली दिसणारा पांढरा फेस तो हाच; मळ समजून त्यावर साबण लावण्याचे कारण नाही. हा घाम क्षारयुक्त असतो व वाळला की खोगीर व तंग यांच्याखाली घासून त्वचा सोलते. काम झाल्यावर साधे पाणी ओतून, हाताने निथळून, अंग सुकल्यावर खरारा करणे एवढे पुरते. मोतद्दाराच्या हातातील खरारा हे घोड्याचे पहिले प्रसाधन आहे आणि कोणत्याही बाटलीपेक्षा ते श्रेष्ठ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

धुणे आवश्यकच असेल तर शिकेकाईचा काढा वापरण्यास हरकत नाही. सुमारे १०० ग्रॅम शेंगा रात्री चार लिटर पाण्यात भिजवून सकाळी उकळाव्यात, फडक्याने दोनदा गाळून कोमट असताना लावाव्यात आणि भरपूर पाण्याने धुवाव्यात. गाळण्यात कुचराई झाली तर शेंगेचे कण केसांत अडकून खाज वाढते. रिठा अधिक तीव्र असून डोळ्यांची फार आग करतो. तो तोंडाकडे नेऊ नये. नवे कोणतेही द्रव्य प्रथम खांद्यावर चार अंगुळे जागेत लावून एक-दोन दिवस पाहावे, हा नियम काष्ठौषधींनाही लागू आहे.

येथे एक गमतीची उलट दिशाही नोंदवावीशी वाटते. अमेरिकेत घोड्यांच्या आयाळीसाठी बनविलेला 'मेन एन टेल' हा शाम्पू १९९०च्या दशकात माणसांनीच डोक्याला लावण्यास सुरुवात केली आणि तो माणसांचे प्रसाधन म्हणून खपू लागला. दोन्ही दिशांनी वस्तू ओलांडून जातात; प्रत्येक वेळी परिणाम निरुपद्रवी असतोच असे नाही.

आयाळ व शेपटीला खोबरेल किंवा तिळाचे तेल अल्प प्रमाणात, बोटांनी गुंता सोडविण्यापुरते लावणे योग्य आहे. मेंदीने शेपूट व पाय रंगविण्याची प्रथा जुनी असून शुद्ध मेंदीच्या पाल्याने सहसा अपाय होत नाही. धोका आहे तो 'काळी मेंदी' व केसांच्या रंगांचा. त्यांत पॅरा-फेनिलीन-डायअमाइन असते. हे द्रव्य माणसातही तीव्र संपर्कजन्य त्वचादाह उत्पन्न करते. पांढऱ्या घोड्याच्या कपाळावर नक्षी काढण्यासाठी कोणी ते मागितल्यास विक्रेत्याने साध्या मेंदीची पुडी पुढे करावी. पांढरेपणा खुलविण्यासाठी टाल्कम पावडरीऐवजी मक्याचे पीठ लावून झटकणे बरे. पावडरीची धूळ श्वासावाटे जाते, घोड्याच्या आणि झटकणाऱ्याच्याही.

मलमांच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घोडा स्वतःचे अंग चाटतो, शेजारच्या घोड्याची मान दातांनी खाजवितो. म्हणजे लावलेले द्रव्य पोटात जाते. आणि घोड्याला वमन होत नाही. पोटात गेलेले बाहेर काढण्याचा तो मार्ग त्याला निसर्गाने दिलेलाच नाही. त्यामुळे बाह्योपचाराचे द्रव्य निवडतानाही ते पोटात गेल्यास काय होईल, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

लाल नाकपुड्यांच्या घोड्याला उन्हाने भाजते तेव्हा जस्तभस्माच्या जातीचे झिंक ऑक्साइडचे साधे मलम पातळ थरात लावता येते. मात्र नाकतोंडाजवळची त्वचा सोलवटलेली दिसली की ऊन हेच कारण आहे असे गृहीत धरू नये. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज आपल्या प्रत्येक पडीक रानात आहे आणि त्याच्या संपर्काने जनावरांनाही त्वचादाह होतो. पावसाळ्यात चिखलात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या खुरांच्या वर, मागच्या खळग्यात भेगा व खपल्या होतात. तेथे पेट्रोलियम जेली चिखल रोखण्यास उपयोगी पडते, परंतु जागा आधी धुऊन पूर्ण कोरडी झालेली असली तरच. ओल्या खपल्यांवर ती लावल्यास ओल आत कोंडते व विकार बळावतो. जंतुनाशक द्रव बाटलीतून थेट ओतण्याची सवय तर सर्वत्र आहे. त्याने त्वचा भाजते, जखम भरून येण्यास विलंब होतो. स्टिरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे घोड्यासाठी देऊच नयेत. खाज दोन दिवस थांबते आणि मूळ विकार झाकला जातो.

बाम हा प्रकार स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. कापूर, पुदिनासत्व, विंटरग्रीन तेल, क्वचित मिरचीचा अर्क असलेले बाम लंगडणाऱ्या घोड्याच्या पायाला चोळतात. घोड्याच्या स्पर्धांमध्ये यांतील काही द्रव्ये निषिद्ध आहेत. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, ज्याच्या अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाल्या, चार घोड्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतील तिखट द्रव्य आढळले व ते बाद झाले. नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक परत करावे लागले. गावच्या घाटात अशी तपासणी होत नसेल, पण वेदना दबलेल्या पायावर घोडी पळविली तर तिचा पाय कायमचा जातो, हे नुकसान पदकापेक्षा लहान नाही.

गोचिडांसाठी जनावरांच्या औषधाच्या दुकानातून मिळणारे अमिट्राझ गाई-म्हशींवर सर्रास वापरतात. घोड्यावर ते वापरू नये. त्याने आतड्याची गती मंदावून घोड्याला प्राणघातक बद्धकोष्ठ व पोटशूळ होऊ शकतो. आपल्यापैकी जे सभासद पशुखाद्य व पशुऔषधेही विकतात, त्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. एरंडीच्या पेंडीसंबंधीही अशीच सूचना द्यावी. घोडा त्या विषाला विशेष बळी पडतो.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. घोड्याच्या अंगावरील दद्रू माणसाला लागतो. खरारा, झूल, खोगीर यांतून तो एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातो आणि हाताळणाऱ्याच्या हातावर, मानेवर येतो. आपल्याकडे वारंवार उलटणारा दद्रू घेऊन येणारा तरुण वरातीच्या घोड्यामागे चालणारा असेल, तर त्याच्या औषधाबरोबर घोड्याची चौकशी झालीच पाहिजे. मूळ स्थान तबेल्यात असताना केवळ गंधकाचे मलम देऊन भागत नाही.

याहून गंभीर व्याधी म्हणजे ग्लँडर्स. बर्खोल्डेरिया मॅलेई या जिवाणूमुळे होणारा हा रोग २००६ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा आढळला. नाकातून दाट, चिकट स्राव येतो. किंवा पायाच्या आतल्या बाजूस, मानेवर, लसवाहिनीच्या रेषेत गाठी उठतात, फुटतात व तेथे व्रण होतात. मालक त्याला 'फोड' म्हणतो आणि मलम मागतो. हा रोग माणसाला होतो व वेळीच ओळखला न गेल्यास प्राण घेतो. अशा व्रणावर उघड्या हाताने लेप लावावयास सांगणारा वैद्य स्वतःला, मालकाला आणि त्याच्या मुलाबाळांना धोक्यात घालतो. २००९च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोग प्रतिबंध कायद्यानुसार संशय आल्यास कळविणे बंधनकारक आहे. रक्तजलाची तपासणी हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रोग निश्चित झाल्यास घोडा मारावा लागतो, म्हणूनच मालक लपवितो. मोबदल्याची तरतूद आहे हे त्याला समजावून सांगणे आपल्या हाती आहे, कारण तो पशुवैद्यकीय दवाखान्यात जाण्यापूर्वी आपल्याकडे येतो.

कायद्याची मर्यादाही स्पष्ट असावी. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुचिकित्सेचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकासाठी राखला आहे. वैद्याने घोड्याची चिकित्सा करू नये. प्रसाधनाविषयी सल्ला देताना मात्र विक्रेत्याने चार प्रश्न विचारावेत. कोठे लावणार, त्वचा फुटलेली आहे का, नाकातून काही वाहते का, आणि घरात कोणाला खाज किंवा फोड आहेत का. दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आल्यास काहीही न विकता मालकाला त्याच दिवशी शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवावे, घोडा इतरांपासून वेगळा बांधण्यास व त्याचे पाण्याचे भांडे वेगळे ठेवण्यास सांगावे. चौथ्याचे उत्तर 'होय' असेल तर त्या माणसाला आपण तपासावे, आणि ग्लँडर्सचा संशय असल्यास त्यालाही विनाविलंब जिल्हा रुग्णालयात पाठवावे.