आधी गाठ, मग थाट

अठराव्या शतकातला गाऊन घालून व्हेनिसच्या कार्निव्हलला मिरवायचंय म्हणे आमच्या बाईसाहेबांना! मिरव की. तुझी हौस आत्याला ठाऊक आहे, तुझी घाईही. १७७०-८० च्या सुमाराचा, पाठीवर चुण्या शिवलेला इंग्लिश गाऊन धरून सांगते. कात्री तेवढी डब्यातच राहू दे अजून.

१. शिवायला सुरुवात आतून कर: लिननचं शेमीज, त्यावर स्टेज म्हणजे काड्या घातलेली ताठ चोळी, मग नाडीने कमरेला बांधायचे खिसे, कमरेमागची गादी, परकर — थाट वरच्या रेशमाचा दिसतो, पण तो उभा राहतो आतल्या गाठींवर.

२. मापं हे सगळं अंगावर चढवून घे, आणि दुसऱ्या कुणाकडून घे — स्टेज छाती वर उचलतं, पाठ सरळ करतं, त्यामुळे ब्लाउजची मापं इथे कुचकामी.

३. जॅनेट आर्नल्डबाईंचं १९६४ चं ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ मिळव, पण त्यातले आराखडे नुसते मोठे करून कापू नकोस — ते जुन्या खऱ्या कपड्यांवरून उतरवलेत, म्हणजे कुण्या परक्या बाईच्या अंगाचे आहेत.

४. आधी मांजरपाटावर बेत — मांजरपाट चूक पोटात घालतो, रेशीम ती चव्हाट्यावर मांडतं.

५. मुंढा घट्ट आणि काखेत वरपर्यंत ठेव, खांद्याची शिवण मागे घे. सैल मुंढा सुखाचा वाटतो खरा, पण हात उचललास की अख्खी चोळी वर ओढली जाते. मांजरपाट घालून दोन्ही हात पुढे कर, आरशाकडे पाठ करून मान वळव, मगच पुढे जा.

६. अस्तर लिननचं, आणि ते आधी अंगावर चोख बसव — ताण सोसायचा तो त्याने. पाठीच्या चुण्या त्यावर हाताने बारीक टाक्यांनी कमरेपर्यंत शिवत ये आणि तिथे मोकळ्या सोड. तेच कापड न कापता घागरा होऊन खाली उतरतं, म्हणून या चुण्यांना सगळ्यात जास्त वेळ दे.

७. बाजूच्या शिवणीत इंचभर माया ठेव, कार्निव्हलच्या आदल्या दिवशीपर्यंत कापू नकोस. कापलेल्या मायेला लळा नसतो!

८. परकराची लांबी खालून नाही, कमरेकडून जुळव — गादीवरून येणाऱ्या कापडाला जास्त लांबी लागते, आणि खालची किनार धाग्यात सरळ राहिली तरच घेर नीट पडतो. घोट्याच्या वरच थांब, व्हेनिसमध्ये पावलापावलाला पुलाच्या पायऱ्या आहेत.

९. परकराच्या दोन्ही बाजूंना फट ठेवायला विसरू नकोस — नाहीतर आतल्या खिशातला मोबाईल वाजत राहील आणि तू नुसती हसत उभी.

१०. रेशमाचा एक धागा जाळून बघ — जळक्या केसांचा वास आला तर घे, वितळून टणक गोळी झाली तर दुकानदाराला नमस्कार. खिशाला झेपत नसेल तर वेलबुट्टीचं सुती चीट घे. आपल्या कोरोमंडल किनाऱ्याच्या चिटावर तिकडच्या बायका इतक्या भाळल्या, की इंग्लंडने १७२१ मध्ये छापील सुती कापड वापरायलाच बंदी घातली, ती १७७४ मध्ये उठली.

११. कापडाला जोड द्यावा लागला तर लाजू नकोस — तेव्हा रेशमाचा पन्हाच जेमतेम वीस इंचांचा असे.

१२. आतल्या लांब शिवणी मशीनवर मार, दिसणारा टाका मात्र हाताचाच. दोरा मेणावरून ओढून घे — गुंता कमी होतो, तोंडात अपशब्दही कमी येतात.

१३. त्या दिवशी आधी बूट, मग स्टेज — नंतर वाकता येत नाही, आणि बूट चढवायला आत्या तिथे नसेल.

१४. पुढचं तोंड तेव्हाच्या रीतीने टाचण्यांनीच बंद कर. टाचणी आडवी लाव, टोक स्टेजच्या कापडात परत बुडव, चार जास्तीच्या खिशात ठेव — आणि मिठी मारायला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेव.