तपासाधिकारी होण्याची वाट

प्रश्न : आमचे कुटुंब चंडीगडला स्थायिक आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या मुलीला गुन्ह्यांच्या तपासाचे काम करायचे आहे. गुन्हे शाखेत थेट नेमणूक मिळते का? की खासगी गुप्तहेराचा अभ्यासक्रम करावा?
– एक पालक, चंडीगड

उत्तर : आपल्या कन्येची आकांक्षा स्तुत्य आहे, मात्र गुन्हे शाखेची निराळी भरती असते हा समज सोडून द्यावा, कारण प्रथम पोलीस दलात दाखल होऊन ठाण्यातील कामाचा अनुभव घेतल्यानंतरच तेथे नेमणूक होत असते. चंडीगड पोलिसांत शिपाई व सहायक उपनिरीक्षक या पदांची सरळ भरती होते, व त्यांपैकी दुसऱ्या पदास पदवी आवश्यक असते. महाराष्ट्रात यायचे झाल्यास उपनिरीक्षकपदासाठी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा आहे. खासगी गुप्तहेरास पोलिसांप्रमाणे झडतीचा वा चौकशीसाठी हजर करवण्याचा अधिकार नसल्यामुळे तो अभ्यासक्रम या ध्येयाप्रत नेणार नाही.

तपासाच्या कामाचे स्वरूपही समजून घ्यावे. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नसल्याने पंचनामा, साक्षीदारांच्या साक्षी यांसारख्या पुराव्यांवरच खटल्याची भिस्त असते. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ७ वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या घटनास्थळ-भेटीची तरतूद केल्यामुळे विज्ञानाची जाण आता विशेष उपयुक्त ठरेल. भरती करून देण्याचे आमिष दाखवून रक्कम मागणाऱ्या दलालांपासून सावध राहावे, अधिकृत जाहिरातीतील वयोमर्यादा व शारीरिक निकष बारकाईने वाचावेत, आणि कन्येस निश्चिंत मनाने तयारीला लागू द्यावे.