समालोचनांतील दोन वजनें

दुटप्पी वजनांचा परमेश्वरास वीट येतो, असें नीतिसूत्रांत शिकविलें आहे. हा बोध केवळ दुकानदाराच्या तराजूपुरता नाहीं; तो जिभेसही लागू आहे. खेळाचें धावतें वर्णन करणारा समालोचक हाही एक तोलणाराच होय. लक्षावधि लोक त्याच्या शब्दांतून खेळाडूंस पाहतात. म्हणून त्याचीं वजनें आपण तपासून पाहूं.

उघड अपमान ओळखणें सोपें असतें. २००६ सालीं कोलंबो येथील कसोटी सामन्यांत दक्षिण आफ्रिकेच्या हाशीम आमला या दाढी राखणाऱ्या मुसलमान खेळाडूस एका समालोचकानें 'दहशतवादी' म्हटलें. त्यानें पुढें क्षमा मागितली. तरी त्यास कामावरून दूर करण्यांत आलें. परंतु जें खोटें वजन स्तुतीच्या पोटांत दडलेलें असतें, तें कोण पकडणार?

२०२० सालीं इंग्लंड, स्पेन, इटली व फ्रान्स येथील ८० फुटबॉल सामन्यांच्या इंग्रजी समालोचनांतील दोन हजारांहून अधिक विधानें तपासण्यांत आलीं. बुद्धीच्या स्तुतीपैकीं शेकडा ६२ हून अधिक स्तुति उजळ कांतीच्या खेळाडूंस मिळाली होती; बुद्धीवरील टीकेपैकीं शेकडा ६३ टीका काळ्यासांवळ्यांच्या वांट्यास आली होती. शक्तीचा उल्लेख निघाला, कीं तो काळ्यासांवळ्यांविषयीं असण्याचा संभव सहा पटींहून अधिक होता. 'काय हें बळ!' असें म्हणणें निंदा नव्हे, हें खरें. पण एकास नेहमीं बळ व दुसऱ्यास नेहमीं बुद्धि वांटून दिली, म्हणजे पहिल्याचा सराव, अभ्यास व धोरण यांचें श्रेय बुडतें.

आणि ज्याच्या डोक्याची कधीं वाखाणणी होत नाहीं, त्याच्या हातीं नेतृत्व कोण देणार? वेस्ट इंडीजचा संघ १९२८ पासून कसोटी सामने खेळूं लागला. कृष्णवर्णी खेळाडूंनीं त्यास कीर्ति मिळवून दिली. परंतु १९४८ मध्यें जॉर्ज हेडली यास एका सामन्यापुरतें कर्णधारपद मिळालें तेवढेंच. संपूर्ण मालिकेसाठीं कृष्णवर्णी कर्णधार नेमण्यास १९६० साल उजाडलें. तो मान फ्रँक वॉरेल यास मिळाला, आणि तो त्यानें सार्थ केला.

आपणांस परक्यांवर बोट ठेवून मोकळें होतां येणार नाहीं. आपल्याकडे रंगाचें काम जातीनें केलें. चर्मकार समाजांत जन्मलेल्या पालवणकर बाळू यांनीं १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. त्यांची गोलंदाजी हिंदू संघास हवी होती. कर्णधारपद मात्र त्यांस देण्यांत आलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या सामन्यांचें वर्णन तुम्हांपैकींच कोणी करीत असतो. त्यानें एक कसोटी जवळ बाळगावी: हाच चेंडू दुसऱ्या रंगाच्या, जातीच्या वा धर्माच्या मुलानें टाकला असता, तर माझ्या तोंडून हाच शब्द आला असता काय? त्याहून सोपा मार्ग म्हणजे कृतीचें वर्णन करणें. चेंडू कोठें पडला, क्षेत्ररक्षक कां सरकला, फलंदाज कोठें चुकला, हें सांगावें. खेळाडूच्या कुळाकडे वळूं नये. पालकांसही आमची विनंति आहे, कीं घरीं सामना पाहतांना आपले उद्गार लेंकरें ऐकत असतात, याची आठवण असूं द्यावी. वजन एकच असावें, आणि तें सर्वांस सारखें लावावें.