नाली-दिवे वगळ, सभागृहातलं लिही

अगं छोटे, जाहीरनाम्याचा कच्चा कागद वाचला. मनापासून लिहिलायस, म्हणूनच स्पष्ट सांगते, रुसू नकोस. आपल्या हिंगोली जिल्ह्यातून विधानसभेला उभं राहायचं म्हणतेस आणि निम्मा कागद नाल्या, पथदिवे न् स्मशानभूमीच्या शेडनं भरलाय. ही कामं ग्रामपंचायतीची, फार तर जिल्हा परिषदेची. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो खरा, आणि लोकही सभामंडप मोजूनच आमदार तोलतात. पण मुंबई-नागपूरच्या सभागृहात तू काय विचारणार, ते या कागदात कुठं दिसतच नाही.

दुसऱ्या पानावर 'हळदीला हमीभाव मिळवून देणारच' असं ठणकावलंयस. बाई गं, केंद्राच्या हमीभावाच्या यादीत हळद आहे कुठं? वसमतच्या बाजारात हे वाक्य बोललीस तर एखादा म्हातारा शेतकरी चारचौघांत तुझी फिरकी घेईल. त्यापेक्षा हातातलं बोल. वसमतला बाळासाहेब ठाकरेंच्या नावाचं हळद संशोधन केंद्र मंजूर झालं, २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या मानांकनाचा जादा पैसा कुणाच्या खिशात जातोय? बेणं निवडणाऱ्या, शिजवलेली हळद उन्हात पसरणाऱ्या बायकांपर्यंत काय पोचलं? संशोधन केंद्रातून नवं बेणं बांधापर्यंत कधी येणार? हे तारांकित प्रश्न म्हणून विचारता येतं, आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं.

सोयाबीनचं उलट आहे. त्याला हमीभाव आहे. २०२४ च्या हंगामात तो क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या खाली जात होता. भाव दिल्ली ठरवते; पण खरेदी केंद्र वेळेवर उघडलं का, बारदाना आला का, ओलावा दाखवून माल परत धाडला का, या गोष्टींवर राज्याला धारेवर धरता येतं. तुझ्या कागदात सोयाबीनला एकच ओळ आहे. तिथं पानभर लिही.

पाण्याचं मात्र नीट अभ्यासून लिही, कारण तिथं लोकांना तुझ्याहून जास्त कळतं. येलदरी, सिद्धेश्वर पूर्णेवर, ईसापूर पैनगंगेवर. धरणं उशाला आणि सेनगावकडची रानं पावसाच्या भरवशावर. 'पाणी आणू' हे सगळेच म्हणतात. तू म्हण, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला जाईन आणि शेपटाकडच्या गावाला पाणीपाळी कोणत्या तारखेला मिळणार ते तिथंच लिहून घेईन. सिंचनाच्या अनुशेषाचा आकडा जुन्या भाषणातून उचलू नकोस, पाटबंधारे खात्याकडून लेखी माग.

आणि ऊसतोडीचं तू लिहिलंच नाहीस, याचं मला नवल वाटलं. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या निघतात, गावात म्हातारी माणसं न् पोरं उरतात. हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर आहे. ती टोळी निघायच्या आधी सुरू होते की नंतर, एवढंच विचारत राहिलीस तरी तुझी पाच वर्षं कारणी लागतील. मुकादम नाराज होतील. होऊ देत.

खर्चाचं म्हणशील तर अनामत १० हजार, खर्चाची मर्यादा ४० लाख. त्या मर्यादेवर लोक हसतात, पण हिशेब मागणारा निरीक्षक हसत नाही. रोजच्या रोज वहीत लिही. शपथपत्रात दागिने लपवायचे नाहीत, आईच्या पाटल्यासुद्धा नाहीत.

२०२४ ला २८८ पैकी २१ बायका निवडून आल्या, आपल्या जिल्ह्यातल्या तीन जागांवर एकही नाही. कळमनुरीतून रजनीताई सातव आमदार झाल्या होत्या, सूर्यकांताताई पाटील हिंगोलीच्या खासदार होत्या, त्यामुळे लोकांना बाई नवी नाही. बाईच्या आडून बोलणारा नवराही नवा नाही, गावोगावचे सरपंचपती बघ ना. म्हणून बॅनरवर जावईबापूंचा फोटो नको, आणि सभेत पहिलं भाषण त्यांचं तर मुळीच नको. ते फुगून बसले तर माझ्याकडे पाठवून दे, मी बघते.