बकरम कुठे लावायचं

नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा

चि. भाचीस,

शिलाईचं दुकान टाकते आहेस आणि पहिल्याच खरेदीत चिकट बकरमचा अख्खा तागा आणणार आहेस, असं कळलं. आण जरूर, पण कातर लावण्याआधी माझं म्हणणं ऐक. मजबुती साऱ्या कपड्याला सारखी वाटायची नसते. कपडा फाटतो किंवा बेढब होतो तो ठरावीक जागी, जिथे ओढ बसते किंवा जिथे कापडाचा धागा तिरपा जातो. अमेरिकेतल्या रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस याने मजुरांच्या पँटला फक्त ओढीच्या जागी, म्हणजे खिशांच्या कोपऱ्यांसारख्या ठिकाणी, तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि कापडवाल्या लेव्ही स्ट्रॉसबरोबर 20 मे 1873 रोजी त्याचं पेटंट घेतलं. जीन्सच्या खिशांवर ते आजही दिसतात. तुझ्याकडे डोंगरी बुजुर्ग किंवा चिखल्याच्या मँगनीज खाणीत जाणाऱ्यांच्या पँट येतील, त्यांना रिव्हेट नकोत. खिशाच्या दोन्ही टोकांना आतून कापडाचा तुकडा घालून बारटॅक, म्हणजे जागच्या जागी दाट टीप, मार आणि आसनाला दुहेरी टीप दे. मोहाडी-आंधळगावच्या करवती साडीतही अंग कोशाच्या रेशमाचं आणि किनार सुताची असते. पायाशी घासते ती किनारच, तेव्हा विणकरांनी हा हिशेब मागावरच मांडून ठेवलेला आहे, असं मला वाटतं.

आता ब्लाऊजचा गोल गळा घे. त्याच्या तळाशी आडवा धागा येतो, खांद्याकडे उभा, आणि मधल्या दोन्ही वळणांवर कापड उरेब, म्हणजे तिरप्या धाग्याचं, होतं. गळा ढिला पडतो तो याच दोन वळणांवर, तोही पुष्कळदा शिवण्याआधीच. कापलेला तुकडा उचलताना, झटकताना, इस्त्री फिरवताना उरेब भाग ताणला जातो. मग त्यावर कितीही जाड बकरम चिकटव, ताणलेलाच गळा पक्का होतो. म्हणून कापल्याबरोबर मायेच्या आत एक साधी टीप मार, खांद्याकडून तळाकडे, दोन्ही बाजूंनी वेगवेगळी. पट्टी त्यानंतर. आकाराचंही तसंच आहे. सपाट कापडाला छातीची गोलाई येते ती टक्समुळे, कडकपणामुळे नव्हे. टक्सचं टोक उंचवट्याच्या थोडं अलीकडे निमुळतं करत संपवलंस तर तिथे चोच उभी राहत नाही.

तू म्हणशील, गिऱ्हाइकाला कडक काम आवडतं. कॉलर, कफ आणि काजपट्टीपुरतं ते खरंच आहे. कॉलरला उभं राहायचं असतं आणि काजाची कड सुटता कामा नये, तिथे बकरम हवंच. पण सुती कापड न भिजवता त्यावर चिकट बकरम लावलंस, तर पहिल्या धुण्यात कापड आटतं, बकरम तितकं आटत नाही आणि कॉलरवर फुगे येतात. कोशावर तर गरम इस्त्रीने डिंक वरच्या बाजूला फुटायचीही भीती. तिथे भिजवून वाळवलेलं मऊ सुती अस्तर कच्च्या टाक्यांनी जोडावं. दुसरा आक्षेप दराचा असेल, की शिलाईत एवढं परवडत नाही. गळ्याच्या टिपेला मिनिटभर लागतं आणि बारटॅकला त्याहूनही कमी. उसवून परत आलेली पँट मात्र फुकटात शिवावी लागते. शिवाय जिथे गरज नाही तिथलं बकरमही पैसे देऊनच आणलेलं असतं, हे दुकानदार कधी सांगत नाही.

विणलेल्या स्वेटरला ओढीच्या जागीच मजबुती देण्याचा हा नियम लागत नाही, कारण तो ताणण्यासाठीच असतो, असंही कोणी सांगेल. मला ते पटत नाही. एक सुलट, एक उलट असे टाके आलटून-पालटून घातलेली कमरेची पट्टी ताणून परत आवळते, म्हणून ती तिथे शोभते. खांद्याचं काम निराळं आहे. सगळ्या स्वेटरचं वजन खांद्यांवर आणि मानेच्या मागच्या बाजूला लटकतं. तिथे शिवण ताणली की बाह्या खाली उतरतात आणि लोक लोकरीला दोष देतात. होजिअरीचा एखादा बरा टी-शर्ट उलटा करून पाहा, एका खांद्यापासून मानेमागून दुसऱ्या खांद्यापर्यंत पट्टी शिवलेली सापडेल. तशीच अरुंद सुती फीत स्वेटरच्या आतून हाताने टाकून घे. लांबी मात्र ठरलेल्या मापाच्या खांद्याची धर, लोंबलेल्या खांद्याची नव्हे, आणि फीत आधी पाण्यातून काढून वाळव, नाहीतर धुतल्यावर तीच आखडून खांद्याला चुण्या पडतील.

तुझी,
मावशी