'स्टार ट्रेक' मालिकेंतील तीन संस्मरणीय प्रसंग व त्यांचा बोध

रात्रीं समुद्रकिनाऱ्यावर उभें राहून आकाशाकडे दृष्टि टाकली असतां, त्या असंख्य ताऱ्यांभोंवतीं कोणी वस्ती करून असेल काय, असा प्रश्न मनांत आल्याखेरीज रहात नाहीं. या प्रश्नाचें निश्चित उत्तर अद्यापि कोणास मिळालेलें नाहीं. परंतु जेथें शास्त्राची वाट तूर्त थांबते, तेथून पुढें कल्पना चालूं लागते. आणि शास्त्राचें बोट न सोडतां ती चालली म्हणजे विज्ञानकथा जन्मास येते. आपल्या मराठींतहि या कथेचा चांगला आदर झालेला आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत 'कृष्णविवर' या कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. लेखकाचें नांव नारायण विनायक जगताप असें दिलेलें होतें. मागाहून उलगडा झाला तो असा कीं, सुप्रसिद्ध ज्योतिर्विद डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांनींच आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटून हें टोपणनांव घेतलें होतें. एवढा मोठा शास्त्रज्ञ कथा लिहावयास बसतो, तेव्हां कथा म्हणजे केवळ वेळ घालविण्याचें साधन नव्हे हें उघड आहे.

प्रस्तुत लेखांत अशाच एका जगप्रसिद्ध मालिकेचा परिचय करून देण्याचें योजिलें आहे. 'स्टार ट्रेक', म्हणजे ताऱ्यांकडील प्रवास, ही दूरचित्रवाणी मालिका जीन रॉडनबेरी या लेखकानें निर्माण केली. अमेरिकेंत तिचा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ रोजीं व शेवटचा ३ जून १९६९ रोजीं दाखविण्यांत आला. मनुष्यानें चंद्रावर पाऊल ठेवलें तें त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनीं. या अवधींत मालिकेचे एकूण ७९ भाग झाले. आपल्या देशांतहि १९८० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवरून ती दाखविली गेली. 'एंटरप्राइज' नांवाचें अंतराळयान, त्याचा धाडसी कप्तान जेम्स कर्क, भावनेपेक्षां तर्कास मान देणारा शास्त्राधिकारी स्पॉक आणि कोमल अंतःकरणाचे परंतु तापट डॉक्टर मॅकॉय हीं त्यांतील मुख्य पात्रें होत.

या मालिकेंत चमत्कार पुष्कळ आहेत. परंतु जे प्रसंग प्रेक्षकांच्या मनांत पन्नासांहून अधिक वर्षें घर करून राहिले, त्यांतील तीन निवडून पाहिले तर त्यांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपानें विचारलेला आढळतो. तो प्रश्न असा: मारण्यासाठीं उगारलेला हात आवरण्याचें बळ मनुष्यास कोठून मिळतें?

पहिला प्रसंग : रणांगण

हा भाग १९ जानेवारी १९६७ रोजीं प्रथम दाखविला गेला. दूरच्या एका ग्रहावरील मानवांचें ठाणें गॉर्न नांवाच्या सरड्यासारख्या परक्या जातीनें जाळून टाकलें. कर्क संतापून त्यांच्या यानाचा पाठलाग करितो. वाटेंत अधिक प्रगत अशी तिसरी जात दोन्ही यानें रोखते आणि दोन्ही कप्तानांस एका ओसाड ग्रहावर एकमेकांसमोर उभे करिते. जो हरेल त्याचें यान नष्ट व्हावयाचें. गॉर्न कर्काहून कितीतरी बलवान्. बाहुबळाचा कांहीं उपयोग नाहीं. तेव्हां कर्क आजूबाजूस पाहूं लागतो. त्यास पिवळा गंधक दिसतो, सोरा दिसतो, कोळसा दिसतो आणि बांबूसारखी पोकळ नळी सांपडते. हे तीन पदार्थ एकत्र केले म्हणजे तोफेची दारू होते, हें त्यास आठवतें. कोळसा व गंधक जळतात आणि जळण्यास लागणारा प्राणवायु सोरा पुरवितो. म्हणून बंद नळींतहि ही दारू एकदम पेट घेते. मुरुडजवळील जंजिरा किल्ल्यावरची कलालबांगडी ही प्रचंड तोफ आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तिच्या पोटांतील बळहि याच तीन पदार्थांचें होतें. (खरोखरीच्या बांबूंत असा प्रयोग केल्यास नळी फुटून करणाऱ्याचाच घात व्हावयाचा, हें मात्र विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.)

गॉर्न घायाळ होऊन पडतो. कर्काच्या हातांत धारदार दगड आहे. इतक्यांत त्यास गॉर्नचें म्हणणें आठवतें: तुमचें ठाणें आमच्या मुलखांत होतें, तुम्हींच घुसखोर. हें कदाचित् खरें असेल, असा विचार कर्काच्या मनांत येतो आणि तो दगड टाकून देतो. ज्ञानानें त्यास विजय मिळवून दिला, परंतु आपला शत्रूहि आपल्या बाजूनें बरोबर असूं शकेल या शंकेनें त्याचा हात थांबविला. ज्या जातीनें ही झुंज लावली होती ती या दयेनेंच चकित होते व दोघांसहि जीवदान देते.

दुसरा प्रसंग : खाणींतील माता

हा भाग ९ मार्च १९६७ चा. एका ग्रहावर खोल खाणी आहेत. तेथें कोणी अज्ञात प्राणी खडकांतून बोगदे पाडीत येतो व खाणकामगारांस ठार करितो. पन्नासांवर माणसें मेलेलीं आहेत. हा प्राणी मांसाचा बनलेला नसून सिलिकनचा, म्हणजे जणूं पाषाणाचाच, बनलेला आहे असा स्पॉकचा तर्क असतो. तो म्हणतो कीं अशा अपूर्व जीवास मारूं नये. कर्क म्हणतो कीं मारलेंच पाहिजे. परंतु पुढें कर्क एकटाच त्या प्राण्यासमोर सांपडतो, आणि स्पॉक दुरून कळवितो कीं आतां विलंब न करितां त्यास मारा! मित्राच्या जिवाची काळजी लागतांच तर्कनिष्ठ स्पॉकहि आपलें मत बदलतो, आणि प्राणी अंगावर येत नाहीं हें प्रत्यक्ष पाहून कर्क शस्त्र खालीं करितो. दोघांनीं जागा बदलल्या, आणि त्यांत मनुष्यस्वभावाचें फार खरें चित्र उमटलें आहे.

पुढें स्पॉक त्या प्राण्याच्या मनाशीं आपलें मन जोडतो आणि रहस्य उलगडतें. खाणींत जे हजारों गोल दगड सांपडत व कामगार जे सहज फोडून टाकीत, तीं त्या प्राण्याचीं अंडीं होतीं. तो राक्षस नव्हता. पिलांचें रक्षण करणारी ती आई होती. हें कळतांच सूड घेण्यास आलेले कामगार निःशब्द होतात. डॉक्टर मॅकॉय बांधकामाचा गिलावा लावून त्या पाषाणदेहाची जखम भरतात, आणि शेवटीं करार होतो: पिलांनीं बोगदे पाडावे व माणसांनीं खनिज काढावें, कोणी कोणास उपद्रव देऊं नये.

हा प्रसंग आपल्या किनाऱ्यावरील मुलांस परका वाटूं नये. हिवाळ्यांत हरिहरेश्वर, दिवेआगर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवी रात्रीं वर येऊन वाळूंत सुमारें शंभर अंडीं घालतात व समुद्रांत परत जातात. हीं अंडीं उकरून नेण्याची चाल पूर्वीं कोंकणांत होती. बाणकोटच्या खाडीपलीकडील वेळास गांवीं सन २००२ पासून सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें अंडीं राखण्याचें काम आरंभिलें, आणि तसें काम आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावरहि होऊं लागलें. वाळूखालीं काय आहे हें कळलें म्हणजे तीवर पाय ठेवणाराहि जपून ठेवतो.

तिसरा प्रसंग : दोन रंगांचे दोन शत्रू

पहिल्या दोन प्रसंगांत हात आवरला गेला. तिसऱ्यांत तो आवरला गेला नाहीं, म्हणून तो अधिक विचार करण्याजोगा आहे. १० जानेवारी १९६९ रोजीं दाखविलेल्या या भागांत एकाच ग्रहावरील दोन पुरुष यानावर येतात. दोघांचाहि देह मधोमध विभागलेला, अर्धा काळा व अर्धा पांढरा. एक पळून आलेला, दुसरा त्यास पकडण्यासाठीं पाठीस लागलेला. त्यांचा हा पाठलाग सहस्रावधि वर्षें चालला आहे. या दोघांत भेद तो कोणता, हें यानावरील कोणास कळत नाहीं. तेव्हां पाठलाग करणारा मोठ्या आश्चर्यानें सांगतो कीं माझी उजवी बाजू काळी आहे, त्याची उजवी बाजू पांढरी आहे. एवढें तुम्हांस दिसत नाहीं काय?

अखेरीस यान त्यांच्या ग्रहापाशीं पोंचतें. तेथें एकहि मनुष्य जिवंत नाहीं. द्वेषानें दोन्ही पक्षांनीं एकमेकांचा समूळ नाश केला आहे. हें ऐकूनहि ते दोघे शहाणे होत नाहींत. ते त्या मृत ग्रहावर उतरून पुन्हां एकमेकांमागें धांवूं लागतात.

पाहणारास हंसूं येतें, परंतु क्षणभरच. कारण आपल्याच जिल्ह्यांत, महाडास, चवदार तळें होतें. त्याचें पाणी गुरें पीत, कोणत्याहि धर्माचा प्रवासी पिई, परंतु अस्पृश्य म्हणून गणलेल्या बांधवांस त्यास हात लावण्याची मनाई होती. १९२३ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलानें सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावे असा ठराव केला व महाड नगरपालिकेनेंहि तळें खुलें केलें, तरी रूढि कायम होती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या अनुयायांसह तेथील पाणी ओंजळींत घेतलें. त्यानंतर गांवांतील कांहीं लोकांनीं परिषदेस आलेल्या मंडळींस मारहाण केली. प्रतिकार करण्याचें बळ अनुयायांत होतें, परंतु डॉ. आंबेडकरांनीं त्यांस शांत राहण्यास सांगितलें व न्यायाची वाट धरली. मार्च १९३७ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयानें तळ्याविषयींचा निकाल त्यांच्या बाजूनें दिला. उजवी बाजू काळी कीं पांढरी हा प्रश्न, आणि पाण्यास कोणाच्या हाताचा स्पर्श झाला हा प्रश्न, यांत अंतर किती, तें प्रत्येकानें आपल्या मनाशीं ठरवावें.

खरें किती, कल्पित किती

विद्यार्थ्यांनीं कथा वाचतांना वा पाहतांना शास्त्र व कल्पना यांची सरमिसळ होऊं देऊं नये. एंटरप्राइज यान प्रकाशाहून अधिक वेगानें धांवतें. आपणांस ज्ञात असलेल्या भौतिकशास्त्राप्रमाणें असें यान शक्य नाहीं. प्रकाश सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर जातो, तरी सूर्याखेरीज सर्वांत जवळच्या ताऱ्यापासून येथें येण्यास त्यास सव्वाचार वर्षें लागतात. मनुष्यास एका ठिकाणीं अदृश्य करून दुसरीकडे प्रकट करणारें यंत्रहि कल्पितच. प्रत्येक भागांत यान जमिनीवर उतरतांना दाखविण्याचा खर्च वांचविण्यासाठीं तें योजिलें गेलें. पाषाणदेही प्राण्याच्या मार्गांतहि अडचण आहे. कर्बाचा प्राणवायूशीं संयोग झाला म्हणजे वायु होतो व तो आपण श्वासावाटे सोडतों. सिलिकनचा झाला म्हणजे किनाऱ्यावरील वाळूसारखा घन पदार्थ होतो. अशा प्राण्यानें श्वास सोडावा तरी कसा?

याउलट एक कल्पना मात्र पुष्कळ अंशीं खरी आहे. संकट येतांच एंटरप्राइज आपल्याभोंवतीं अदृश्य ढाल उभी करितें. तशी ढाल आपल्या पृथ्वीसहि आहे व ती म्हणजे तिचें चुंबकीय क्षेत्र. सूर्यापासून येणारे विद्युद्भारित कण तें पुष्कळसे बाजूस वळवितें. २ सप्टेंबर १८५९ रोजीं झालेल्या भयंकर सौरवादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत झाली होती व शास्त्रज्ञ आजहि ती अभ्यासितात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्राम येणार असें ठरल्यावर त्यांच्या विद्युत्प्रवाहानें सूक्ष्म मापनांत व्यत्यय येईल म्हणून १९०४ सालीं अलिबाग येथें नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यांत आली. पृथ्वीच्या ढालीवरील हा पहारा आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर चालू आहे.

पडद्याबाहेरील फळ

यानावर संदेशवहनाचें काम करणारी अधिकारी उहुरा ही कृष्णवर्णी स्त्री आहे. ही भूमिका निशेल निकोल्स यांनीं केली. पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडणार होत्या, परंतु डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनीं भेट होतांच त्यांस तेथेंच राहण्याचा आग्रह केला, असें त्या पुढें सांगत. १९७७ पासून निकोल्स यांनीं अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळसंस्थेसाठीं स्त्रियांनीं व अल्पसंख्य समाजांतील तरुणांनीं अंतराळवीर होण्यास पुढें यावें म्हणून प्रचार केला. लहानपणीं उहुरेस पाहून उत्साह पावलेली एक मुलगी, मे जेमिसन, सप्टेंबर १९९२ मध्यें अंतराळांत गेली. तो मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णी स्त्री होय. पडद्यावरील एका खुर्चीवर कोण बसलें आहे, हें पाहून दूरच्या घरांतील मुलगी आपली वाट ठरविते.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलें असे खेळ पाहत असतां त्यांस केवळ रागें भरूं नये. शक्य तेव्हां शेजारीं बसावें आणि खेळ संपल्यावर पुढील प्रश्न विचारावे. उत्तर चुकलें तरी चालेल. विचार सुरू झाला पाहिजे.

१. या कथेंतील कोणती गोष्ट शास्त्रास धरून आहे व कोणती कल्पित?
२. ज्यास आपण शत्रु समजलों त्याची बाजू कोणती होती?
३. उगारलेला हात कोणत्या क्षणीं थांबला, आणि त्या आधीं त्या मनुष्यास काय कळलें होतें?

विद्यार्थिमित्रहो, तिसरा प्रश्न वर्गांतल्या भांडणासहि लावून पहा. मधल्या सुट्टींत कोणावर हात उगारला गेला तर क्षणभर थांबून समोरच्यास एवढेंच विचारा कीं, काय झालें तें सांग. खाणींतील कामगारांनीं हा प्रश्न आधीं विचारला असता तर पन्नास माणसें व सहस्रावधि अंडीं वांचलीं असतीं.