सर्व्हिसिंगनंतर इंजिन जाम, भरपाई मिळेल?

प्रश्न : सर्व्हिसिंगनंतर चौथ्याच दिवशी महामार्गावर गाडीचे इंजिन जाम झाले. ऑइल बदलताना ड्रेन प्लग सैल राहिल्याचे टोइंगवाल्याने दाखवले. गॅरेजवाले म्हणतात, जॉब कार्डवर ‘नुकसानीस जबाबदार नाही’ या अटीखाली तुमची सही आहे. आता काहीच करता येणार नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नक्की करता येईल. त्या सहीने तुमचा हक्क संपत नाही. पैसे घेऊन केलेल्या कामातला हलगर्जीपणा ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरते.

मात्र सारी मदार पुराव्यावर आहे. त्याच गॅरेजला घाईने इंजिन उघडू देऊ नका. आधी प्लगचे, गळलेल्या ऑइलचे फोटो काढा आणि तटस्थ तज्ज्ञाचा लेखी अहवाल घ्या. ‘ऑइलचा लाल दिवा लागूनही गाडी चालवली’ हा बचाव गॅरेज हमखास घेईल. म्हणून दिवा केव्हा लागला, तुम्ही केव्हा थांबलात, हे आजच लिहून ठेवा. जे घडले तेच लिहा.

मग दुरुस्ती आणि टोइंगचा खर्च मागणारी लेखी नोटीस पंधरा दिवसांच्या मुदतीने पाठवा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. नाहीच जमले, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार चालते, वकील सक्तीचा नाही.

विम्यावर मात्र भिस्त ठेवू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड सहसा वगळलेला असतो.